पहिली नेमणूक, तीन गावांचा सजा आणि एका ओळीची चार्जयादी

प्रश्न : नवनियुक्त ग्राम महसूल अधिकारी

नमस्कार. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे ज्या पदाला आतापर्यंत आपण सगळे तलाठी म्हणत आलो, त्या पदावर माझी पहिलीच नेमणूक झाली आहे. मी मूळची सातारा जिल्ह्यातील असून नेमणूक मराठवाड्यात मिळाली आहे. सजात, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या कार्यक्षेत्रात, तीन गावे आहेत. येत्या सोमवारी पदभार स्वीकारायचा असून त्याआधी अनुभवी मंडळींकडून काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात मी सजाचे कार्यालय पाहून आले. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांची बदली झाली असून त्यांना कार्यमुक्त होण्याची घाई आहे. त्यांनी चार्जयादी, म्हणजे पदभार देता-घेतानाची यादी, म्हणून जो कागद पुढे केला, त्यात ‘सजाचे संपूर्ण दप्तर, लॅपटॉप व प्रिंटर सुस्थितीत मिळाले’ एवढीच ओळ आहे. दप्तर दोन लोखंडी कपाटांत आणि एका पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीची किल्ली ‘भाऊंकडे’ असते, असे मला सांगण्यात आले. हे भाऊ शासकीय कर्मचारी नाहीत. महसूल सेवक, म्हणजे पूर्वीचे कोतवाल, ते निराळे. भाऊ बऱ्याच वर्षांपासून कार्यालयात बसतात, लोकांचे अर्ज घेतात, संगणकावर नोंदी भरतात आणि गावकरीही काम निघाले की थेट त्यांनाच फोन लावतात. त्यांचे वागणे सभ्य आहे आणि ई-फेरफारचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदल संगणकावर नोंदवण्याचे, काम त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले येते, हेही मान्य करायला हवे. ‘मॅडम, तुम्ही फक्त अंगठा देत जा, बाकीचे मी बघतो,’ असे ते हसत हसत म्हणाले.

शेजारच्या सजाचे पद रिक्त असल्यामुळे त्याचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच येईल, अशी तहसील कार्यालयात चर्चा आहे. प्रशिक्षणात कलमे शिकवली गेली, परंतु पहिल्या दिवशी कपाट उघडल्यावर नेमके काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. चार्जयादीवर मी सही करावी का, भाऊंबाबत काय भूमिका घ्यावी आणि दोन सजे एकदम सांभाळायची वेळ आलीच तर कामाला सुरुवात कुठून करावी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सेवानिवृत्त मंडळ अधिकारी

ताई, प्रथम अभिनंदन. आता मुद्द्याचे बोलतो. त्या कागदावर सही करू नका. ‘संपूर्ण दप्तर मिळाले’ असे लिहून दिल्यानंतर उद्या एखादे रजिस्टर सापडले नाही, तर ते तुमच्या ताब्यातून गहाळ झाले असाच त्याचा अर्थ लावला जाईल आणि बदलून गेलेला माणूस तुमचीच सही तुम्हाला दाखवील. तुमच्या मंडळ अधिकाऱ्यांना, म्हणजे तुमच्या लगतच्या वरिष्ठांना, भेटा, सविस्तर यादीनिशी चार्ज हवा असल्याचे त्यांना लेखी द्या आणि शक्य असल्यास चार्ज त्यांच्या समक्ष घ्या. यादीच्या तीन प्रती करा. एक देणाऱ्याकडे राहील, एक तुमच्याकडे आणि एक तहसील कार्यालयात जाईल. समोरचा माणूस कंटाळेल, कदाचित चिडेलही, पण दोन दिवस लागले तरी लागू द्या.

यादी गावनिहाय करावी. फेरफाराची जी जुनी हस्तलिखित रजिस्टरे तुमच्याकडे असतील, ती हातात घेऊन पाने मोजा. फाटलेले, चिकटवलेले किंवा कोरे सोडलेले पान दिसल्यास त्याचा क्रमांक यादीत लिहा. प्रत्येक गावाचा शेवटचा फेरफार क्रमांक आणि प्रलंबित नोंदींचे क्रमांक संगणकावर पाहून उतरवून घ्या. गाव नमुना ६ अ, म्हणजे तक्रारींच्या नोंदवहीत, किती प्रकरणे उघडी आहेत आणि ६ क, म्हणजे वारस नोंदवहीत, कोणती नोंद अर्धवट आहे, हेही त्यातच येऊ द्या.

सर्वांत अधिक वेळ द्यायचा तो पावतीपुस्तकांना. सुरू असलेल्या पुस्तकातील शेवटची वापरलेली पावती कोणती, कोरी पुस्तके कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहेत आणि फाडलेल्या पावत्यांची रक्कम व कोषागारात भरलेल्या चलनांची रक्कम यांचा मेळ बसतो का, हे स्वतः बेरीज करून पाहावे. महसूल खात्यात फेरफाराची चूक अपिलात दुरुस्त होते. मात्र वसुलीच्या पैशाचा मेळ बसला नाही, तर प्रकरण विभागीय चौकशीवर थांबत नाही.

नवीन माणसाच्या लक्षात न येणारी एक बाब म्हणजे जप्त केलेला वाळूसाठा. कागदावर साठा तुमच्या गावातील कोणाच्या तरी ताब्यात दिलेला असतो आणि प्रत्यक्षात ती जागा रिकामी असते. पंचनाम्याची प्रत मागा, जागेवर जा आणि जे दिसेल ते यादीत लिहा. जी वस्तू दाखवली जाणार नाही तिच्यासमोर ‘मिळाली नाही’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘नंतर देतील’ असे लिहू नये.

तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून थोडे विषयांतर करतो. तुमच्याकडे कुळांच्या जमिनींना १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागू आहे, तर मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० चालतो. येथे कुळाला मालकी देणारी ३८-ई ची प्रमाणपत्रे, निजाम काळापासूनच्या इनाम जमिनी आणि जमिनीचा धारक व वहिवाट दाखवणारे १९५४-५५ चे खासरा पत्रक यांचा उल्लेख रोज कानावर पडेल. खासरा पत्रकात काय आहे हे न पाहता जुन्या वहिवाटीविषयी कोणालाही तोंडी आश्वासन देऊ नका. सजातील भोगवटादार वर्ग २ च्या (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) आणि इनामाच्या गटांची यादी पहिल्या महिन्यातच स्वतःच्या हाताने तयार करा. अशा जमिनीच्या खरेदीखताची नोंद समोर आली की सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आहे का, हा प्रश्न आपोआप मनात आला पाहिजे.

राहिले तुमचे भाऊ. अशा माणसाला आमच्या खात्यात ‘झिरो तलाठी’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांना नमस्कार करून निरोप द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा त्यांनी तुमच्या खुर्चीशेजारी बसून काम सुरू केले की त्यांनी घेतलेला प्रत्येक रुपया तुमच्यासाठीच घेतला, असे गाव समजते. लाच तिसऱ्या माणसामार्फत घेतली तरी लोकसेवकाचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही, हे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात स्पष्ट आहे.

उत्तर : कार्यरत ग्राम महसूल अधिकारी, विदर्भ

वरील उत्तरातील चार्जयादीचा भाग प्रत्येक नवीन सहकाऱ्याने छापून जवळ ठेवावा, इतका मोलाचा आहे. भाऊंच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांनी जायलाच हवे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. अशा माणसाकडे फक्त किल्ली नसते. लोकांकडून घेतलेले, पण आवक नोंदवहीत न चढवलेले अर्ज, मूळ मृत्यू प्रमाणपत्रे, खरेदीखतांच्या प्रती आणि कधी कधी सातबाऱ्याच्या नकलांसाठी घेतलेले पैसेसुद्धा त्याच्या पिशवीत असतात. पहिल्याच दिवशी त्याला दाराबाहेर काढले, तर ती पिशवीही बाहेर जाते आणि पुढचे सहा महिने लोक तुमच्यासमोर येऊन ‘कागद तर कधीच दिले होते’ असे म्हणत राहतात.

म्हणून चार्ज सुरू असतानाच, मंडळ अधिकारी आणि महसूल सेवक यांच्या समक्ष, भाऊंकडून किल्ल्या आणि प्रलंबित कागद मागून घ्यावेत, प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवावा आणि ज्यांचे कागद निघतील त्यांना फोन करून ते कार्यालयात पोहोचल्याचे कळवावे. हे पूर्ण झाले की त्याच संध्याकाळी त्यांना स्पष्ट सांगावे की यापुढे कार्यालयीन कामात तुमची मदत घेता येणार नाही. नंतर कार्यालयाबाहेर आपला मोबाइल क्रमांक, उपस्थितीचे दिवस आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. आपल्याच दारावर १०६४ लावायला अनेकांना संकोच वाटतो. प्रत्यक्षात त्या एका फलकामुळे निम्मी मध्यस्थी आपोआप थांबते, असा माझा अनुभव आहे.

‘फक्त अंगठा द्या’ या वाक्याविषयी मात्र तडजोड नको. तुमची डिजिटल स्वाक्षरी, तिचे टोकन आणि बोटाचा ठसा म्हणजे तुमची सही होय. टोकन लॅपटॉपला लावून चहाला जाणे म्हणजे कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून तो टेबलावर सोडून जाणे. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या ज्या लॉगिनने भरल्या जातात, त्याचेही तसेच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे नाव आणि बँक खाते यादीत घुसवणे एवढ्याशा निष्काळजीपणामुळे शक्य होते, आणि चौकशीत लॉगिन कोणाचे होते हेच आधी पाहिले जाते. चार्ज घेतल्यावर जुने सर्व पासवर्ड बदलून घ्या आणि आधीच्या अधिकाऱ्यांचे लॉगिन त्या गावांवरून काढले आहे याची तहसीलमधून खात्री करा.

भाऊंशिवाय काम अडेल, ही भीती स्वाभाविक आहे. ई-फेरफारचे काम समजायला फार काळ लागत नाही. जवळच्या सजातील एखाद्या सहकाऱ्याकडे बसून वारस, बोजा, खरेदी आणि वाटप अशी प्रत्येकी एकेक नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना पाहा. पहिले काही आठवडे तुमचा वेग कमी राहील, लोक कुरकुर करतील, ‘आधीचे आप्पा बरे होते’ असेही ऐकवतील. ते ऐकून घ्यावे.

उत्तर : महसुली प्रकरणे चालवणारे वकील

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. तुमच्या नोंदींविरुद्ध जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपिले दाखल करणे, हा माझ्या उदरनिर्वाहाचा भाग आहे. त्यामुळे कोणत्या नोंदी टिकत नाहीत, हे थोडेफार सांगू शकतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क संपादन केलेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच लगेच द्यायची असते. ही पोच देण्याची सवय गावोगावी मोडली आहे. तुम्ही ती पहिल्या दिवसापासून द्या. तारीख घातलेली पोच हातात पडली की अर्जदार निर्धास्त होतो आणि अर्ज महिनाभर दाबून ठेवल्याचा आरोपही तुमच्यावर येत नाही.

कलम १५० खालची, म्हणजे फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना द्यायची, नोटीस हे अपिलातील माझे सर्वांत आवडते ठिकाण आहे. (गाव नमुना ९ म्हणजे पावती, ही नोटीस १९७१ च्या अधिकार अभिलेख नियमांतील नमुना ९ ची. नवीन लोकांचा येथे गोंधळ होतो.) नोटीस निघालेली असते, पंधरा दिवसही मोजलेले असतात, परंतु ती बजावली कोणाला, हे पाहिले तर पुण्यात राहणाऱ्या बहिणीच्या नावापुढे गावातल्या भावाची सही दिसते. अशी नोंद मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केली तरी वर टिकत नाही. हितसंबंधितांचे पत्ते अर्जातच पूर्ण मागून घ्या आणि बाहेरगावी राहणाऱ्यांना नोटीस टपालाने पाठवून पोहोचपावती प्रकरणाला जोडा.

हरकत आली तर ती घेऊन पोच द्या, ६ अ ला नोंद करा आणि प्रकरण वर पाठवा. कोण खरे आणि कोण खोटे, याचा निकाल तुम्हाला द्यायचा नाही. नवीन अधिकारी पुष्कळदा चांगल्या भावनेने दोन्ही बाजूंना समोर बसवून समेट घडवू पाहतात आणि नंतर त्या समेटाचे साक्षीदार होऊन बसतात. त्याचप्रमाणे कलम १५५ चा अर्ज घेऊन कोणी ‘क्षेत्राची किरकोळ दुरुस्ती आहे’ असे म्हणाले, तर सावध राहा. ते कलम लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकांसाठी, आहे आणि तो आदेश तहसीलदारांचा असतो. त्याच्या आडून हक्कच बदलून घेतल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पदभार घेतला. मंडळ अधिकारी स्वतः येऊन बसले, त्यामुळे यादी व्यवस्थित झाली. भाऊंनी आढेवेढे न घेता किल्ल्या दिल्या आणि पेटीतून अर्जांचे एक जाडजूड पुडके निघाले. ते सर्व आवक नोंदवहीत चढवले आहे. एका गावाची ६ क ची नोंदवही मात्र मिळाली नाही आणि यादीत तसे लिहिले आहे. शेजारच्या सजाच्या अतिरिक्त कार्यभाराचा आदेशही हातात पडला आहे.

पुडक्यातील एका अर्जाविषयी विचारायचे आहे. खातेदार वारले असून दोन मुलांनी वारस नोंदीचा अर्ज केला आहे. त्यांना दोन विवाहित बहिणी आहेत. ‘आम्हाला हिस्सा नको, भावांची नावे लावावीत’ असा मजकूर असलेला, त्यांच्या सह्यांचा मुद्रांक कागद अर्जाला जोडलेला आहे. हे अर्जदार भाऊ दोन वेळा येऊन गेले आणि गावात अशाच नोंदी होत आल्या आहेत, असे सांगतात. खातेदारांची आई हयात आहे, हे मला चौकशीत पोलीस पाटलांकडून समजले; अर्जात तिचा उल्लेख नाही.

उत्तर : महसुली प्रकरणे चालवणारे वकील

कुटुंब हिंदू आहे आणि मृत्युपत्र नाही, असे गृहीत धरून लिहितो. १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाप्रमाणे मृताची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलींची नावे लागलीच पाहिजेत आणि आईचेही, मग ती नव्वदीची का असेना. एखादी मुलगी आधीच वारली असल्यास तिच्या मुलांची चौकशी करा, कारण ती नावे अर्जदार सहसा स्वतःहून सांगत नाहीत. वारस नोंदवहीत सर्वांची नावे घेऊन त्यावरून फेरफार धरावा.

त्या मुद्रांक कागदाच्या आधारे कोणाचेही नाव वगळता येत नाही. बहिणींना खरोखर हक्क सोडायचा असेल, तर आधी त्यांची नावे लागतील आणि त्यानंतर त्यांनी दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. त्याची नोंद स्वतंत्र फेरफाराने होईल. भावांना हे शांतपणे समजावून सांगा. एक गोष्ट मात्र आवर्जून करा : बहिणींना स्वतः फोन करा. त्या कागदावर सही आपण केलीच नव्हती, असे सांगणाऱ्या बहिणी माझ्या कार्यालयात नेहमी येतात.

उत्तर : सेवानिवृत्त मंडळ अधिकारी

वकीलसाहेबांनी सांगितले ते योग्यच आहे. ‘अशाच नोंदी होत आल्या आहेत’ हे वाक्य ऐकले की त्या गावातील जुन्या वारस फेरफारांवरही एकदा नजर टाकून ठेवा.

हरवलेल्या ६ क बाबत तहसीलदारांना आठ दिवसांच्या आत स्वतंत्र अहवाल द्या. चार्जयादीतील शेरा पुरेसा मानू नका. अहवालात आधीच्या अधिकाऱ्यांकडे खुलासा मागवण्याची विनंती करा. दरम्यान ई-फेरफारमधील वारस नोंदींवरून नवीन नोंदवहीची मांडणी सुरू करता येते, पण ती तहसीलदारांच्या लेखी आदेशानेच करावी.

अतिरिक्त सजाचा चार्जही याच पद्धतीने, यादीनिशी घ्यावा. ‘तात्पुरता तर आहे’ म्हणून तेथे लोक ढिलाई करतात आणि वर्ष वर्ष अडकतात. दोन्ही सजांचे वार ठरवा. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या आठवडी बाजाराचा दिवस मुख्य कार्यालयासाठी ठेवा, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतील माणसे तशीही घराबाहेर पडतात. वाराचा फलक दोन्ही ठिकाणी लावा आणि त्याची प्रत दोन्ही मंडळ अधिकाऱ्यांना द्या. अतिवृष्टी झाली की मात्र हे वेळापत्रक बाजूला ठेवावे लागेल. पिकांचे पंचनामे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्यासह संयुक्त असतात, तेहतीस टक्के नुकसानीच्या मर्यादेवरून बांधावर वाद होतात आणि तिघांपैकी एकाची सही राहिली तर सगळी यादी अडून राहते. तेव्हा त्या दोघांचे क्रमांक आजच घेऊन ठेवा आणि पाऊस पडण्याआधी एकदा तिघांनी मिळून शिवारफेरी करा.

आणखी एक. वाळूच्या गाडीची खबर रात्री आली, तर एकट्याने जाऊ नका. तहसीलदारांना कळवा, पथक आणि पोलीस मागा आणि तुम्ही कळवल्याची वेळ संदेशात राहील असे पाहा. खात्याच्या दुय्यम सेवा परीक्षेचा अभ्यासही पावसाळ्याआधीच सुरू करा. ठरावीक संधींमध्ये ती उत्तीर्ण झाली नाही तर ज्येष्ठतेवर परिणाम होतो, आणि एकदा पंचनामे सुरू झाले की पुस्तक उघडायला सवड मिळत नाही.